बोरघाट ते 37 हजार फूट

मावळाचा इतिहास लिहिताना आपण लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्यापाशी रमतो, आणि या गडांनी घाटवाटा राखल्या असल्यामुळे ते योग्यही आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या मुलुखाचा इतिहास यंत्रांनीही घडवला. त्या इतिहासाकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सह्याद्री ‘जिंकला’ असं ज्या ज्या यंत्राबद्दल म्हटलं गेलं, त्याला उंचीची किंमत आपल्या राखीव ताकदीतून मोजावी लागली. रेल्वेने ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजली. जेट विमानं ती इतक्या उंचावर मोजतात, की प्रवाशाला तिचा पत्ताच लागत नाही आणि वैमानिकालाही तिचा विसर पडू शकतो. हा विसर धोक्याचा आहे, असं माझं म्हणणं आहे.

बोरघाटाच्या रेल्वेचं काम 1856 मध्ये सुरू झालं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी सुमारे 16 मैलांत 1,831 फूट चढणारा मार्ग आखला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम तडीला नेलं. पंचवीस बोगदे खोदले गेले. हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी गेले, त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. 21 एप्रिल 1863 रोजी मार्ग खुला झाला. इथला सर्वांत तीव्र चढ 37 फुटांना एक फूट. डोळ्यांना तो फारसा वाटत नाही, पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला तो फार आहे. चाक घसरू लागलं की इंजिनात कितीही वाफ असली तरी ती वाया जाते. म्हणून जड गाडीला जादा इंजिनं जोडायची, ज्यांना रेल्वेवाले ‘बँकर’ म्हणतात. खंडाळ्याजवळ डोंगराने जागाच दिली नाही, तेव्हा गाडी थांबवून उलट दिशेने पुढे काढण्याचं स्थानक बांधलं गेलं आणि ते 1929 पर्यंत चाललं. उताराची काळजी तर चढापेक्षा मोठी होती. ब्रेक निकामी झालेली गाडी मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन चढावर थोपवणाऱ्या कॅच सायडिंग त्यासाठीच बांधल्या. एकंदरीत, नेहमीच्या कामाला लागते त्याहून जास्त ताकद आणि जास्त जागा हाताशी ठेवल्याशिवाय या घाटात गाडी सोडायची नाही, हा इथला शिरस्ता होता.

विमान आलं तेव्हा हा शिरस्ता कालबाह्य झाल्यासारखं वाटलं. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. पावसाळ्यात जुहूचा तळ पाण्याखाली गेला की टाटांची विमानसेवा पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलायची. त्या लहानशा पस मॉथ विमानालाही सह्याद्रीच्या माथ्याहून कितीतरी वर जाता येत होतं. जेट विमानांनी तर घाटाला हिशेबातूनच काढलं. मात्र त्याबरोबर आलेली अडचण नवी होती. लोणावळ्याची उंची सव्वासहाशे मीटरच्या आसपास. तिथली हवा समुद्रकाठापेक्षा जेमतेम सहा टक्क्यांनी विरळ. 37 हजार फुटांवर ती तळाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरते. विरळ हवेत पंखांना विमान तोलून धरायला जास्त वेग लागतो, म्हणजे वेगाची खालची मर्यादा वर सरकते. वरची मर्यादा ध्वनीच्या वेगाशी बांधलेली, आणि थंडीमुळे तो वेगच ताशी 1,225 किलोमीटरवरून 1,060 च्या घरात येतो. दोन्ही मर्यादा एकमेकींकडे सरकत जातात. त्या जवळजवळ भिडतात त्या टोकाला वैमानिक ‘कॉफिन कॉर्नर’ म्हणतात. प्रवासी विमान तिथे जात नाही, पण त्या दिशेनेच उडतं. इंजिनांचा जोरही हवेबरोबर घटतो. त्यामुळे इंधनाने जड झालेलं विमान एकदम सर्वांत वरच्या पातळीवर जाऊ शकत नाही. इंधन जळून हलकं होईल तसं ते टप्प्याटप्प्याने चढतं. तिथे मागून रेटायला बँकर नसतो.

या अरुंद पट्टीत काय घडू शकतं याचा पुरावा पुण्याच्याच एका उड्डाणात आहे. 26 मे 2010 रोजी एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग 737-800 दुबईहून 113 प्रवाशांना घेऊन पुण्याकडे निघालं होतं. मंगळूरच्या भीषण विमान अपघाताला जेमतेम चार दिवस झाले होते. विमान 37 हजार फुटांवर असताना कॅप्टन स्वच्छतागृहात गेले. सहवैमानिकाने आसन पुढे घेताना नियंत्रणदांडा नकळत पुढे ढकलला गेला आणि विमानाचं नाक खाली गेलं. या जातीच्या विमानाचा नेहमीचा वेग आणि त्याची कमाल मर्यादा यांत या उंचीवर ताशी साधारण 40 किलोमीटरचंच अंतर असतं. ते पाहता पाहता संपलं. सुमारे 7 हजार फूट उंची गेली. कॅप्टन कॉकपिटच्या दाराचा आपत्कालीन कोड वापरून आत आले आणि त्यांनी विमान सावरलं. अशा प्रसंगाचं प्रशिक्षण सहवैमानिकाला मिळालेलंच नव्हतं, असं चौकशी अहवालाने नोंदवलं. मला या प्रकरणातली ही नोंद सर्वांत महत्त्वाची वाटते.

यावर तीन आक्षेप येतील. आगगाडी आणि विमान यांची तुलनाच चुकीची, हा पहिला. भौतिकशास्त्र वेगळं आहे हे मान्य. रुळावर प्रश्न घर्षणाचा, आकाशात हवेच्या घनतेचा. पण माझी तुलना राखीव सामर्थ्याबद्दल आहे, आणि तो हिशेब दोन्हीकडे एकच आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: बहुतेक अपघात जमिनीजवळ होतात, उंचावर नाहीत. पुणे जिल्ह्यातच 7 जुलै 1962 च्या मध्यरात्री अलितालियाचं डीसी-8 मुंबईला उतरण्यापूर्वी जुन्नरच्या दावंड्या डोंगरावर आदळलं आणि 94 जण गेले. आपण मुंबईच्या अधिक जवळ आहोत अशा चुकीच्या समजातून वैमानिकांनी वेळेआधीच उंची सोडली होती. पण या दाखल्याने माझं म्हणणं बळकटच होतं. सह्याद्री वगळता येतो हा समज तिथे प्राणघातक ठरला, आणि उंची ही सांभाळून खर्च करायची पुंजी आहे हेही दिसलं. तिसरा आक्षेप असा, की आता संगणक सगळं पाहतो. रोजच्या उड्डाणात पाहतोही, आणि उत्तम पाहतो. मात्र त्यामुळेच वैमानिकाचे हात त्या विरळ हवेतल्या विमानाला अनोळखी राहतात. 2010 च्या त्या दिवशी विमान माणसानेच बिघडवलं आणि अखेर माणसानेच सावरलं.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आणि विमान कंपन्यांनी म्हणूनच एक गोष्ट सक्तीने करावी. प्रत्येक वैमानिकाकडून, आणि सहवैमानिकाकडून तर आधी, दरवर्षी सिम्युलेटरवर 37 हजार फुटांच्या वर विमान हाताने उडवून घ्यावं, ते मर्यादेबाहेर जाऊ द्यावं आणि त्यालाच ते परत आणायला लावावं. त्या तासांचा खर्च तिकिटात धरावा लागला तरी तो धरावा.