तब्येत झाली!

नवी मुंबईत, दिघ्याच्या इलठणपाड्यात एका अंगणवाडीच्या दारात सेविकेने दीड वर्षाच्या पोराच्या दंडाभोवती कागदी पट्टी गुंडाळली. हिला दंडघेर पट्टी म्हणतात. दंड 11.5 सेंटिमीटरच्या आत भरला तर लाल, 12.5 पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. खूण पिवळ्यात पडली. "मॅममध्ये आहे," सेविका म्हणाली. सॅम आणि मॅम ही तीव्र आणि मध्यम कुपोषणाच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं. ऐकणाऱ्याला मात्र शाळेतल्या बाई आठवतात. पोराच्या आईने साधं विचारलं, "म्हणजे हेल्दी नाही?"

मागे उभी असलेली शेजारीण तेवढ्यात आपल्या सुनेबद्दल दुसरीच्या कानाशी लागली होती. "लग्नात काडी होती गं. आता बघ कशी तब्येत झालीय!"

तब्येत झाली. चांगली की वाईट, हे सांगायला विशेषण लागत नाही. 'तब्येत बरी नाही' म्हटलं की आजार, नुसतं 'तब्येत झाली' म्हटलं की वजन. हा शब्द मूळचा अरबी 'तबीअत', म्हणजे स्वभाव, मूळ घडण. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि मनातून हळूहळू अंगावर उतरला. आपल्या संस्कृत 'प्रकृती'नेही हाच प्रवास केला: आधी स्वभाव, मग शरीर, मग 'प्रकृती कशी आहे?' ही चौकशी. तालमीतला पोरगा 'तब्येत कमावतो', आणि 'तब्येतीत जेवला' म्हणताना जुनी अरबी मर्जीही अजून जिवंत असते.

स्वभावाचा शब्द चरबीसाठी का वापरावा लागला? कारण थेट बोलायची चोरी. पोराला गुटगुटीत म्हटलं की दृष्ट लागते, पाहुण्याला जाडा म्हटलं की राग येतो. मग कौतुक आडून करायचं. खाल्लेलं अंगी लागलं. नव्या नवरीला सासर मानवलं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने उभे राहिले तसे साताऱ्या-सांगलीकडचे, खानदेशातले लोक दिघ्याच्या पाड्यांत येऊन राहिले. सुट्टीला गावी गेले की ऐकायला मिळायचं, "मुंबईचं पाणी मानवलं तुला." यातलं एकही वाक्य वजनाचं नाव घेत नाही. सगळी चौकशी घरात धान्य किती आहे याची. जिथे भाकरी मोजून मिळायची तिथे दंडावर चढलेलं मूठभर मांस म्हणजे पगाराची पावती. म्हणून तर 'लठ्ठ' हा शब्द माणसाला लावायची आता सोय राहिली नाही, पण पगाराला लावला तर कुणी रागावत नाही.

शास्त्र मात्र असं कधी भुललं नव्हतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंदित शरीरांचा एक अध्यायच आहे. आठ प्रकार सांगितलेत, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश दोन्ही. आणि दोघांत कृश बरा, असा निवाडाही. बोलीने तो निवाडा पार उलटा करून ठेवला. तिने लुकड्याला 'पाप्याचं पितर' म्हटलं आणि जाड्याला 'खात्यापित्या घरचा'. तरी एक शंका बोलीनेही जपली: हे बाळसं की सूज?

त्या शंकेला आकडा आला तो वजन आणि उंचीवरून काढायच्या बीएमआयमुळे. हे गणित एकोणिसाव्या शतकातल्या केटले या बेल्जियन गणितज्ञाचं. बीएमआय हे नाव अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी 1972 मध्ये रूढ केलं. जगाला 25 च्या पुढे वजन जास्त धरतात, आपल्याला 23 च्याच पुढे. दवाखान्याच्या पाटीवर मग 'स्थूलता' आली. आणि बायकांच्या तोंडी आलं 'हेल्दी'. तब्येतीचंच हे इंग्रजी नाव, कामही तेच: जाड म्हणायचं, पण न म्हणता. "हेल्दी झालीस हं!" असं आत्या म्हणते तेव्हा भाची दोन दिवस भात सोडते. मात्र तीच भाची डब्यात काकडी-मूग भरून "मी हेल्दी खाते" म्हणते, म्हणजे बारीक व्हायला. एकाच घरात एकाच शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर जेवायला बसतात. अंगणवाडीच्या दारातल्या आईचा हेल्दी तिसराच. तिला पट्टीवर हिरवा हवाय.

मला वाटतं, 'हेल्दी' फार दिवस टिकणार नाही. टोमण्याचा वास लागला की आपण शब्द टाकतो. कपड्यांच्या दुकानात 'प्लस साइज' आलंच आहे.

अंगणवाडीच्याच गल्लीत पुढे एका टेलरकडे मी ब्लाउज आणायला गेले. गेल्या वेळेपेक्षा माप दीड इंचाने वाढलं होतं. टेप गळ्यात टाकून त्यांनी वहीत आकडा लिहिला, माझ्याकडे पाहिलं नाही. मग ब्लाउज उलटा करून बगलेतली शिवण दाखवली.

"उसवून देतो, वहिनी. आत माया ठेवलीय."