गोंगाटातून संकेताचा अंदाज

घरात फायबरने येणारी माहिती वर्सोव्याला किनारी लागणाऱ्या सागरी केबलमधूनही आलेली असू शकते. अशा केबलमध्ये साधारण ६० ते १०० किलोमीटरवर अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि तो संकेतात स्वतःचा गोंगाट मिसळतो. मग लेसरची शक्तीच का वाढवू नये? कारण तीव्रता वाढली की काचेचा अपवर्तनांक बदलतो आणि संकेत स्वतःलाच विकृत करतो. म्हणून केबल टाकल्यानंतरची अचूकता मुख्यतः रिसीव्हरच्या गणितातून मिळवावी लागते. उदाहरणार्थ, लेसरची कला (फेज, म्हणजे लहरीची आवर्तनातली स्थिती) सतत भरकटते. तिचा अंदाज लागोपाठच्या अनेक चिन्हांच्या सरासरीवरून घेतात. व्हिटर्बी आडनावाच्या दोन संशोधकांनी १९८३ साली मांडलेली ही रीत पुढे प्रकाशीय रिसीव्हरांतही रुळली. सरासरी लांबवली तर गोंगाट दबतो, पण तेवढ्यात कलाच सरकते. आखूड ठेवली तर गोंगाट उरतो. म्हणून ही लांबी लेसरचे स्थैर्य आणि गोंगाटाचे प्रमाण मोजूनच ठरवली पाहिजे. उरलेल्या चुका दुरुस्ती-कोड निस्तरेल, हा आक्षेप अपुरा आहे. प्रत्येक बिट किती खात्रीचा हे कळले तरच कोड पूर्ण क्षमतेने चालतो, आणि ती खात्री चांगल्या अंदाजातूनच येते.