सुई, माग आणि हिशेबाची वही



स्त्रियांना शिवणकाम शिकविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आपण कौतुकाने सांगतो. लाटंबार्शासारख्या आडवळणाच्या गावात मात्र मला त्या कौतुकामागचा प्रश्न मांडावयाचा आहे: वर्ग संपल्यावर बाईच्या हाती काय उरते?

रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले. तेथे शिवण हे स्त्रीला परावलंबनातून सोडविणारे साधन होते. पुढे गावोगावच्या महिला मंडळांनी तोच कित्ता गिरविला. गोवामुक्तीनंतर आपल्या तालुक्यातला असा एक वर्ग मी पाहिला. मुली सुबक पोलकी शिवीत. पण कापड कोणते आणावे, शिवलेले कोठे विकावे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. दोन वर्षांत यंत्रांवर गोणपाट पडले. दोष त्या हातांचा नव्हता.

महेश्वरचे उदाहरण याहून वेगळे आहे. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात तेथे विणकर वसविले. विसाव्या शतकात ती कला ओसरू लागली, तेव्हा 1979 च्या सुमारास होळकर घराण्यातील रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ संस्था स्थापिली आणि स्त्रियांना मागावर बसविले. विणकाम, मजुरी, विक्री आणि मुलांची शाळा यांची एकत्र काळजी घेतली गेली, म्हणून ते काम टिकले.

आपल्या गोव्यात ‘कापड’ म्हणजे लुगडे. कुणबी बायांचे लाल चौकड्यांचे आखूड कापड, खांद्यावर गाठ मारून नेसलेले, शेताच्या चिखलासाठीच होते. गिरणीच्या मालापुढे हातमाग मागे पडला. कोलवाळचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स (1960–2020) यांनी 2010 च्या सुमारास हे वस्त्र पुन्हा विणून घेऊन थेट फॅशनच्या व्यासपीठावर नेले. 2012 मध्ये ‘मोडा गोवा’ हा वेशभूषेचा इतिहासही लिहिला. कष्टकरी बाईच्या वस्त्राला प्रतिष्ठा लाभली, हे ऋण मोठेच आहे. तथापि वस्त्राची प्रतिष्ठा म्हणजे नेसणारीची मिळकत नव्हे. त्या दोहोंमधले अंतर कार्यशाळेनेच भरून काढावयाचे असते.

म्हणून माझी विनंती एवढीच: सुई द्या, जमल्यास मागही द्या, परंतु किंमत ठरविण्याचा अधिकार आणि हिशेबाची वही तिच्याच हाती राहू द्या. ती वही लिहिण्यापुरते गणित याच शाळेच्या बाकांवर शिकविले जाते.