त्या रात्रीचे प्रेक्षक

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास आजवर बहुतांशीं पडद्याच्या आंतल्या बाजूनें लिहिला गेला आहे. गणपतराव बोडस यांची 'माझी भूमिका' किंवा गोविंदराव टेंबे यांचा 'माझा जीवनविहार' वाचला म्हणजे नाटकमंडळ्यांच्या बिऱ्हाडांतील तालमी, रुसवेफुगवे व देणींघेणीं आपणांस कळतात. परंतु ज्याच्या तिकिटावर व ज्याच्या 'वन्स मोअर'वर हा सारा संसार चाले, त्या प्रेक्षकानें दप्तर ठेविलें नाहीं. त्यानें ठेविली ती आठवण. ती तोंडीं चालली, आणि ती स्वतः सांगणारे आतां हयात नाहींत. त्यांच्याकडून बालपणीं ती ऐकणारे आम्हीही पन्नाशी ओलांडून गेलों आहों. अशा आठवणींस इतिहासाच्या कामीं कितपत किंमत द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

परभणीहून पूर्णेकडे निघालें म्हणजे पिंगळी हें लहानसें स्टेशन लागतें. माझ्या लहानपणीं त्या गांवांत व आसपासच्या खेड्यांत जुन्या नाटकांचे नादी असे पांचसात वृद्ध होते. माझे आजोबा त्यांतलेच. त्यांचें तारुण्य निजामी अमलांत गेलें. पुण्यामुंबईच्या रसिकास नाटकास जाणें म्हणजे जेवण आटोपून टांग्यांत बसणें; यांना तें परमुलखांतील यात्रेसारखें होतें. छोट्या लाइनीच्या गाडीनें मनमाडास जावयाचें, तेथें मोठ्या लाइनीची गाडी धरावयाची. निजामाचा हाली रुपया इंग्रजी हद्दींत कामाचा नसे. शंभर कलदार रुपयांस सुमारें ११६ हाली मोजावे लागत. त्यांत करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाकेदाराची धास्ती निराळीच. दशम्यांचें गांठोडें उशाशीं घेऊन मनमाडच्या फलाटावर काढलेल्या रात्रीचें वर्णन मीं नाटकाच्या वर्णनाइतक्याच वेळां ऐकलें आहे, आणि खरें सांगावयाचें तर मला तें अधिक आवडे.

या वृद्धांपैकीं जवळजवळ प्रत्येकजण एक गोष्ट अभिमानानें सांगे : "संयुक्त मानापमान आम्हीं पाहिलें." ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनीं एकत्र येऊन खाडिलकरांचें 'मानापमान' केलें. केशवराव भोसले धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी. नाटक नवें नव्हतें. १२ मार्च १९११ रोजीं किर्लोस्कर मंडळीनें तें प्रथम रंगभूमीवर आणिलें, आणि त्याच दिवशीं कन्या निवर्तली असतांही बालगंधर्वांनीं आपली भूमिका केली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. नवें होतें तें त्या दोन गळ्यांचें एकमेकांसमोर उभें राहणें. पुढें तीन महिन्यांच्या आंतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव वारले. त्यांचें वय त्या वेळीं अवघें ३१ वर्षांचें होतें. त्या मृत्यूनें ती रात्र दंतकथेच्या पदवीस पोहोंचली. जें पुन्हा पाहतां येणार नाहीं, तें आपण पाहिलें होतें असें कोणास वाटणार नाहीं?

एका खेड्याच्या पंचक्रोशींतले इतके लोक त्या एका रात्रीं मुंबईस होते, हें अर्थातच संभवत नाहीं. एक गृहस्थ तर सांगत कीं, संयुक्त मानापमान पाहून दुसऱ्या दिवशीं त्यांनीं 'धर्मात्मा' हा बोलपट पाहिला. प्रभात कंपनीचा 'धर्मात्मा' १९३५ सालचा. मध्यें चवदा वर्षांचें अंतर! कोणी म्हणेल, मग ही आठवण टाकाऊ ठरली. मला तसें वाटत नाहीं. हे गृहस्थ बहुधा दोनदां मुंबईस गेले असावेत, आणि त्या दोन फेऱ्यांची उत्तरकाळीं एक फेरी झाली. त्यांस जोडणारा दुवा एकच, बालगंधर्व. एकदां त्यांस स्त्रीवेषांत पाहिलें, एकदां एकनाथांच्या वेषांत. आणि एकनाथ पैठणचे, म्हणजे आमच्याच गोदेकांठचे. साल चुकलें, पण प्रेमाचा विषय चुकला नाहीं.

तथापि नेमकी तीच रात्र सर्वांनीं कां धरावी, याचें कारण केवळ गाण्यांत सांपडत नाहीं. 'स्वयंवर' व 'एकच प्याला' यांच्या रात्रीही थोड्या रंगल्या नव्हत्या. मला वाटतें, मर्म त्या फंडाच्या नांवांत आहे. त्या रात्रीचें तिकीट घेणें म्हणजे स्वराज्याच्या झोळींत पैसा टाकणें होय. निजामाच्या प्रजाजनास स्वतःच्या गांवीं तें करण्याची सोय नव्हती. १९२९ च्या 'गश्ती निशाण ५३' या फर्मानानें तर परवानगीवांचून सभा भरविण्याची बंदी झाली, आणि साधी व्याख्यानें देखील अडूं लागलीं. पुढें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हें संस्थान मुक्त झालें. ज्यांनीं सत्याग्रह केला, तुरुंग भोगला, त्यांस सांगण्यासारखें पुष्कळ होतें. भीतभीत शेती-वतन संभाळून राहिलेल्या सामान्य गृहस्थानें काय सांगावें? त्याच्यापाशीं एक नाटक होतें. "आम्हींही तेव्हां तिकीट काढलें होतें" या वाक्यांत गाण्याचा शोक किती आणि राहून गेलेल्या कर्तव्याची रुखरुख किती, हें तोलून पाहण्याचा मोह मला होतो. या आठवणीनें सध्यांचें रूप १९४८ नंतरच घेतलें असावें, हा माझा तर्क आहे; १९२१ सालीं पिंगळीच्या पारावर ती मोठ्यानें सांगण्याची कोणाची छाती झाली नसती.

या सर्व कथनांत स्त्रिया कोठें आहेत? बालगंधर्वांच्या लुगडें नेसण्याच्या व केशरचनेच्या तऱ्हा शहरांतील कुलीन स्त्रियांनीं उचलल्या, असें आपण वाचतों. आमच्याकडील स्त्रियांस घराबाहेर पडून नाटक पाहण्याचा योग नव्हता. त्यांच्या वाट्यास आली ती फोनोची तबकडी. रात्रभर चालणारें गायन तेथें तीन-सव्वातीन मिनिटांचें होई. पण आजोबा पदाचे शब्द आपल्या सोयीनें फिरवीत, तर आजी माजघरांतून ते बिनचूक दुरुस्त करी. "तूं कुठें पाहिलंस नाटक?" असें त्यांनीं चिडून विचारलें म्हणजे ती म्हणे, "पाहिलं नाहीं, पण तुमच्यापेक्षां जास्त वेळां ऐकलंय." पाहणाराची आठवण दर सांगण्यागणिक वाढत गेली, ऐकणारीची तबकडीनें जखडून ठेविली. संशोधकास पदांचा पाठ हवा असेल तर मी आजीकडे बोट दाखवीन. त्या काळच्या माणसाचें मन हवें असेल तर आजोबांकडे.

बालगंधर्व १५ जुलै १९६७ रोजीं निवर्तले. अखेरच्या काळांत पाय गेले, आणि बसूनच ते भजनें गात. त्या दिवसांत त्यांस ऐकलेल्यांपैकीं एकजण मला म्हणाले होते, "डोळे मिटले कीं भामिनीच." अशीं वाक्यें टिपून घेणाऱ्यानें नाटकगृहांत विकल्या जाणाऱ्या पदांच्या पुस्तिकाही जुन्या ट्रंकांतून शोधाव्या. आजोबांची 'मानापमाना'ची पुस्तिका आमच्या घरीं निघाली. मलपृष्ठावर शिसपेनीनें लिहिलेला मजकूर आहे. नाटकाची तारीख नाहीं, गांवाचें नांव नाहीं, नटांचीं नांवें नाहींत. हिशेब आहे : हाली दिले किती, कलदार मिळाले किती, मनमाडास दूध दोन आणे, आणि शेवटीं, दुसऱ्या शाईनें, आजीसाठीं घेतलेल्या एका तबकडीची किंमत.