अल्पजल शौचकूप आणि सातारा-सांगलीचा दुष्काळी पूर्वभाग

महाबळेश्वरी वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या वाट्यास त्याचा दहावा हिस्सा येणेही अवघड. सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत व कवठे महांकाळ या तालुक्यांची स्थिती याहून निराळी नाही. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. परंतु पर्जन्यछायेचा पट्टा दोहोंस सामाईकच राहिला. या पट्ट्यात शौचकूपाचा प्रश्न मुळात पाण्याचा, असे सामान्यतः समजले जाते. तथापि अल्प पाण्यावर चालणाऱ्या संडासाचा महाराष्ट्रातील पूर्वेतिहास पाहता त्याची प्रेरणा पाणीटंचाईपेक्षा जातीच्या प्रश्नात अधिक होती, असे दिसून येते.

शहरांतील जुना पाटीचा संडास पाणी मागत नसे; पण तो माणूस मागत असे. मैला डोक्यावरून वाहून नेणारी जात त्या रचनेत गृहीत धरलेली होती. अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात स्वतः भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेल्यावर उद्भवलेल्या वादात येरवड्यास गांधीजींनीही उपवास आरंभिला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचे सोनखत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. ज्या मैल्यास माणसाचा हात लागावा लागत नाही आणि ज्यास वाहून नेण्यास पाण्याचा लोटही लागत नाही, असा संडास त्यांस हवा होता. मुंबई राज्य सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीपुढेही सफाई कामगारांच्या राहणीचाच प्रश्न होता.

दोन खड्ड्यांचा संडास हे याच विचारधारेचे पुढचे पाऊल होय. लखनौच्या नियोजन संशोधन संस्थेने १९५८ च्या सुमारास, आणि १९७० नंतर बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेने, या पद्धतीस चालना दिली. भांड्याचा उतार तीव्र व पाण्याचा अडसर सुमारे २० मिलिमीटरांचा ठेवल्यास दीड-दोन लिटर पाणी पुरते. जुन्या टाकीच्या संडासास मात्र दर वेळी दहा लिटर वा अधिक लागे. एक खड्डा भरल्यावर मैला दुसऱ्यात वळवितात. पहिल्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत निर्धोक खत होते.

या फरकाचे मोल पूर्वभागातच कळते. ग्रामीण पाणीपुरवठ्याचे प्रमाण दीर्घकाळ माणशी दररोज ४० लिटर होते. जल जीवन मोहिमेने २०१९ मध्ये ते ५५ केले. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी एका वापरास दहाऐवजी दोन लिटर लागले, तर दिवसाकाठी ४० लिटर, म्हणजे दोन-तीन हंडे, वाचतात. हे हंडे बहुधा स्त्रियांच्याच डोक्यावर असतात. यास्तव तासगाव तालुक्यातील अंजनीचे रा. रा. पाटील ग्रामविकासमंत्री असता २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगावी संडासांचा आग्रह धरला, तेव्हा कोणता संडास, हा प्रश्न बांधकामाइतकाच महत्त्वाचा होता.

त्याचे उत्तर सर्वत्र एकच मिळाले नाही. ऐपत येताच अनेक कुटुंबे सेप्टिक टाकीकडे वळतात. दोन खड्डे हे गरिबांचे, अशी समजूत त्यामागे असते. पण टाकी केव्हातरी उपसावी लागते, आणि उपसणारा माणूस कोणत्या समाजातून येतो, हे सांगावयास नको. १९९३ च्या कायद्याने कोरड्या संडासांवर बंदी घातली. २०१३ च्या कायद्यास साधनांविना टाकी साफ करविण्यावरही बंदी घालावी लागली. सारांश, पाण्याची काटकसर आणि माणसाची प्रतिष्ठा या दोन गोष्टी या पट्ट्यात एकाच खड्ड्याशी येऊन मिळतात. आणि दुसरा खड्डा खणण्याचे जे घर टाळते, ते आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवते.