सर्पगंधा आणि रोजची गोळी

काशी म्हटली की महाराष्ट्रीय मनापुढे गंगेचे घाट, विश्वेश्वराचे मंदिर आणि शास्त्री-पंडितांच्या सभा उभ्या राहतात. पण वैद्यकाच्या इतिहासातही या नगरीला मानाचे स्थान आहे. काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याने सुश्रुतादी शिष्यांना शल्यतंत्र शिकविले, असे सुश्रुतसंहितेची परंपरा सांगते. त्याच काशीत आज मदनपुरा, लल्लापुरा अशा मोहल्ल्यांतून विणकर मागावर बसतात, नावाडी वल्ही मारतात आणि रिक्षावाले घाटांकडे माणसे वाहतात. यांपैकी कोणाचा रक्तदाब धोक्याच्या रेषेपलीकडे गेला, तरी बहुधा त्याला त्याचा पत्ता नसतो. डोके दुखत नाही, ताप चढत नाही, आणि मग एके दिवशी अर्धे अंग लुळे पडते. या मुक्या रोगावर औषध आहे, ते स्वस्तही आहे. मग ते गरिबाच्या पोटात नेमाने का जात नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास गंगेच्याच खोऱ्यातील एका मुळीचा इतिहास फार उपयोगी पडतो.

ती मुळी म्हणजे सर्पगंधा. हिमालयाच्या पायथ्याच्या दमट वनांत ती आपोआप उगवे. सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि उन्मादावर लोक ती देत. बिहारच्या बाजारात तर ती ‘पागल की दवा’ याच नावाने विकली जाई. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर ती गुणकारी असल्याचे वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातील क्षारद्रव्ये वेगळी केली. पुढे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या कलकत्त्यातील प्रयोगशाळेनेही रक्तदाबावरील तिचा परिणाम तपासला.

पाश्चात्त्य जगाला मात्र याची वार्ता नव्हती. तिकडे तीव्र रक्तदाबावर मीठ वर्ज्य करून भात-फळांचा आहार देत, नाहीतर शस्त्रक्रियेने नसा तोडीत. 12 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब 300 वर 190 इतका मोजला गेला होता. जगातील सर्वांत समर्थ राष्ट्राच्या प्रमुखाला जे औषध लाभले नाही, ते बिहारातला खेडूत चार पैशांत विकत घेत होता!

ही दरी सांधण्याचे श्रेय मुंबईचे पारशी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांना द्यावे लागेल. त्यांनी 50 रुग्णांना सर्पगंधा देऊन नोंदी ठेवल्या आणि 1949 साली तो अहवाल ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. तो वाचून बॉस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी ही मुळी आपल्या रुग्णांना देऊन पाहिली. 1952 साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून ‘रेसर्पीन’ हे द्रव्य वेगळे केले. दिवसाला मिलिग्रॅमचा चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी मात्रा पुरे होई. मोठ्या मात्रेने मन खिन्न होते, हा त्याचा दोष लवकरच ध्यानी आला. पण लहान मात्रेत आणि इतर औषधांच्या जोडीने ते फार कामाचे ठरले. 1957 साली डॉ. वकील यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

एवढ्याने कथा संपली असती, तर ती केवळ अभिमानाची कथा झाली असती. तिचा बोधप्रद भाग पुढेच आहे. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस यांच्या पुढाकाराने एक प्रयोग झाला. ज्यांचा खालचा दाब 115 ते 129 होता, अशा 143 पुरुषांपैकी काहींना रेसर्पीनसह तीन औषधे दिली. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या दिल्या. 1967 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांत 27 जणांवर गंभीर संकटे ओढवली होती, तर औषध घेणाऱ्यांत केवळ 2 जणांवर. तीव्र रक्तदाबावरील उपचार प्राण वाचवितो, याविषयी शंका उरली नाही.

परंतु या प्रयोगात प्रवेश देण्यापूर्वी प्रत्येकाची एक परीक्षा घेतली होती. गोळीत रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व मिसळले होते. जो गोळी घेई, त्याचे मूत्र अतिनील प्रकाशात चमके. ज्यांचे चमकले नाही, ज्यांच्या गोळ्या मोजता शिल्लक निघाल्या, त्यांना प्रयोगातून वगळले. शास्त्रीय शुद्धतेसाठी ते योग्यच होते. पण औषधाची शक्ती जी सिद्ध झाली, ती नेमाने गोळी घेणाऱ्यांपुरती. दाराबाहेर राहिलेल्यांचे काय?

त्यांची विचारपूस आणखी एका प्रयोगाने केली. 1973 पासून अमेरिकेतील 14 वस्त्यांतील 10,940 माणसांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठविले. दुसऱ्या गटासाठी खास केंद्रे काढली. तेथे ऐपत नसलेल्यालाही औषध मिळे, फार वेळ थांबावे लागत नसे, जाण्यायेण्याची सोय होई, आणि न आलेल्याला आठवणीने बोलावले जाई. औषधांत रेसर्पीनही होते. पाच वर्षांनंतर, 1979 साली, दिसून आले की या गटातील मृत्यूंचे प्रमाण दुसऱ्या गटाहून 17 टक्क्यांनी कमी होते. एरवी अल्पशिक्षितांत मृत्यू अधिक. या केंद्रांच्या गटात तो भेद जवळजवळ नाहीसा झाला. गरीब निष्काळजी असतो, हा समज त्या आकड्यांनी खोटा पाडला.

हा धडा भारतात उशिरा गिरविला गेला. रेसर्पीनची जागा दरम्यान अधिक निर्धोक औषधांनी घेतली. 2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात ठराविक, मोजकी औषधे, घराजवळचे आरोग्यकेंद्र, महिन्याचा साठा एकदम आणि न आलेल्याचा पाठपुरावा, ही सूत्रे स्वीकारली गेली. पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्रही होता. तरीही 2023 सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार, उच्च रक्तदाब असलेल्या साऱ्या जगातील पाच जणांपैकी साधारण एकाचाच दाब आटोक्यात आहे.

मदनपुऱ्यातील विणकराला मजुरी मिळते ती विणलेल्या साडीची. दवाखान्याच्या रांगेत गेलेली सकाळ म्हणजे बुडालेली कमाई. आणि जो रोग दुखत नाही, त्यासाठी ती बुडवावी कशी? महिन्याच्या गोळ्या संपतात, पुढच्या आणायच्या राहतात, आणि काही दिवस काहीच होत नाही. म्हणून त्या राहूनच जातात. त्याला उपदेश पुष्कळांनी केलेला असतो. त्याच्या गल्लीपर्यंत औषध पोहोचविणारा आणि तो आला नाही तर ‘का आला नाहीत?’ असे विचारणारा कोणी आहे काय, हे पाहिले पाहिजे. मुळीचा गुण हेरायला या देशाला कोणाकडून शिकावे लागले नाही; ती रोज ज्याच्या हाती पडायला हवी, त्या हाताची वाट मात्र अजून पुरती बांधून व्हायची आहे.