गंज पेठेतील दार आणि कुरुळीतील खोली

पुणे-नाशिक रस्त्याने मोशी ओलांडून चाकणकडे निघाले की कुरुळी लागते. खेड तालुक्यातील हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. आता कारखान्यांच्या शेजाराने येथे भाड्याच्या खोल्या वाढल्या आहेत. विदर्भ-मराठवाड्यातून पोटापाण्यासाठी आलेली तरुण जोडपी त्यांत संसार थाटतात. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण माहेर दूर, नवरा रात्रपाळीला आणि खोलीत बाळंतीण एकटी, असे घडते तेव्हा इतिहासातील एका दाराची आठवण होते. ते दार येथून फार लांब नव्हते.

१८६३ साली महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी पुण्याच्या गंज पेठेत, आपल्या राहत्या घरी, बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवेला पुनर्विवाह नाही, आणि दिवस राहिले तर विहीर जवळ करणे किंवा अर्भकाचा जीव घेणे, एवढेच मार्ग समाजाने तिच्यापुढे ठेवले होते. अशाच एका विधवेला काळ्या पाण्याची शिक्षा झालेली फुले दांपत्याने पाहिली होती. येथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हा, असे त्यांनी उघड आवाहन केले. १८८४ साली सरकारला लिहिताना जोतीरावांनी हिशेब दिला : ३५ विधवा आल्या, पण त्यांची अवघी ५ मुले जगली. गर्भ पाडण्यासाठी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीची दगावली होती. या आकड्यामागचे भय केवढे असेल! तेथे जन्मलेल्या यशवंताला फुल्यांनी दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनी देह ठेवला.

आपल्या ख्रिस्तसभेनेही प्रांजळपणे मागे वळून पाहावे. व्रतस्थ भगिनींना प्रसूतिसेवा करण्यास दीर्घकाळ मनाई होती. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरला दाखवून न घेता प्राण सोडतात, हे रावळपिंडी परिसरात पाहिलेल्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅकलॅरेन यांनी रोमकडे वारंवार अर्ज केले. ती मनाई उठली १९३६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर २३ वर्षांनी. आज मिशन रुग्णालयांत भगिनींच्या हातांत बाळे जन्मतात, त्यामागे ही चिकाटी आहे.

कामकरी स्त्रीचा हक्कही असाच सावकाश आला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, असे प्रतिपादन केले. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली. परंतु आदल्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे लागते. कंत्राटावर आज येथे, उद्या तेथे राबणाऱ्या मुलीने हे कसे सिद्ध करावे?

मनाचा प्रश्न तर फार उशिरा ओळखला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, गाठते. ‘बाळाचा लळाच लागत नाही, फादर’ असे एखादी आई सांगते, तेव्हा तिला पापाची जाणीव नको, उपचार हवेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करता येत नाही. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

शुभवर्तमानात लूक सांगतो की, पवित्र मरिया डोंगराळ मुलखात अलीशिबेच्या घरी गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. अलीशिबेचे दिवस भरत आले होते. मरियेने तेथे काय काय केले, हे लूक सांगत नाही; ती राहिली, एवढेच सांगतो. जोतीराव-सावित्रीबाईंनी दार उघडले, तेही याच सोबतीसाठी. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या भगिनीने सव्वा महिना रोज तासभर शेजारच्या खोलीत जाऊन बसावे, मग ती बाळंतीण कोणत्याही धर्माची असो. दार ठोठावायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.